‘आपल्यातला’ वाटण्याची गोष्ट

गेल्या रविवारी पुण्याहून भाचीचा फोन आला. एम.बी.बी.एस. झालं, इंटर्नशिप संपली, अमेरिकेच्या परीक्षाही देऊन झाल्या, आणि आता रेसिडेन्सीच्या मुलाखतींची बोलावणी यायला लागली आहेत. 2020 च्या साथीपासून बहुतेक मुलाखती संगणकावरच होतात, त्यामुळे विमानाचं तिकीट नाही, हॉटेल नाही. पुण्यातल्या आपल्या खोलीत रात्री कोट घालून बसायचं आणि ओहायो किंवा मिशिगनमधल्या डॉक्टरांशी बोलायचं. (कोटाखाली पायजमा चालतो, असं तिची मैत्रीण म्हणाली म्हणे!)

तिचे तीन प्रश्न होते. कोट काळा की निळा? उच्चार सुधारायला क्लास लावू का? आणि तिसरा, जो तिने जरा थांबून विचारला, “मामा, त्यांना मी आवडावी म्हणून नक्की काय करायचं असतं रे?”

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं लगेच देता आली. कोट कुठलाही, पण इस्त्री केलेला. क्लास नको, फक्त सावकाश बोल. तिसऱ्यावर मात्र “विचार करून कळवतो” म्हणून वेळ मारून नेली. मी स्वतः अशा मुलाखती दिल्या त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, आणि आता बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. म्हणजे हा प्रश्न तिने योग्य माणसाला विचारला. पण उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ते ‘हसतमुख राहा, नजरेला नजर द्या’ अशा यादीत मावणारं नाही. त्याच्यामागे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. ती आधी सांगतो.

आपल्याकडे एम.डी. किंवा एम.एस.ची जागा प्रवेशपरीक्षेतल्या क्रमांकावर मिळते. तुमचं नाव काय, तुम्ही कसे दिसता, कसे बोलता याच्याशी परीक्षेला देणंघेणं नसतं. ह्या पद्धतीचे दोष पुष्कळ आहेत, पण एक गुण मानायला हवा: संगणकाला तुम्ही ‘आवडावं’ लागत नाही. अमेरिकेत मात्र मार्क तुम्हाला फक्त दारापर्यंत नेतात, आत घ्यायचं की नाही हे माणसं ठरवतात. असं का?

ह्याचं उत्तर ‘रेसिडेंट’ ह्या शब्दातच आहे. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 साली उघडलं. तिथे औषधवैद्यक विभागात विल्यम ऑस्लर आणि शल्यचिकित्सेत विल्यम हॉल्स्टेड यांनी पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची जी घडी बसवली, तीच पुढे अमेरिकाभर गेली. रेसिडेंट म्हणजे राहणारा. तो खरोखरच रुग्णालयात राहायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा, आणि बहुधा अविवाहित असायचा. हॉल्स्टेडकडे किती वर्षं राहायचं हेही ठरलेलं नसे. खाली बरेच सहायक, वर जाताजाता एकेक गळत जाणार आणि शेवटी एकच मुख्य रेसिडेंट. 1922 साली हॉल्स्टेड वारला. तोपर्यंतच्या सगळ्या वर्षांत त्याने मुख्य रेसिडेंट घडवले ते फक्त सतरा!

अशा व्यवस्थेत मुलाखत ही वेगळी गोष्ट नव्हतीच. प्रमुख तुम्हाला महिनोन्‌महिने बघत असे. तुम्ही त्याच्याबरोबर राउंड घेताय, त्याच्या हाताखाली टाके घालताय, हीच तुमची मुलाखत. आज ज्याला आपण मुलाखत म्हणतो ती ह्या दीर्घ सहवासाची वीस मिनिटांची नक्कल आहे. म्हणून आजही त्या खोलीत प्रश्न कुठलेही विचारले तरी मुलाखत घेणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो. रात्री तीन वाजता, दोन पेशंट एकदम बिघडलेले असताना, हा माणूस माझ्या शेजारी असलेला मला चालेल का?

प्रश्न तसा रास्त आहे. पण त्याला एक काळी बाजू आहे. ‘माझ्या शेजारी चालेल का’ ह्याचं उत्तर देताना माणूस नकळत ‘हा माझ्यासारखा आहे का’ हे बघतो. हुशारी, कष्ट, हात चांगला असणं, हे सगळं मागे पडतं आणि ‘आपल्यातला’ वाटणं पुढे येतं.

हॉपकिन्सचंच बघा. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय 1893 साली सुरू झालं तेव्हा मेरी गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी देणगी देताना अट घातली होती की मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा. 1900 साली ज्या मुली पदवीधर झाल्या त्यांत फ्लोरेन्स सेबिन आणि डोरोथी रीड होत्या. दोघी इतक्या वरच्या क्रमांकावर की ऑस्लरकडची इंटर्नशिप त्यांच्या हक्काची. पण तिथल्या मोजक्या जागांपैकी दोन जागा बायकांनी घ्यायच्या, हे अनेकांना रुचलं नाही. रीडबाईंनी आठवणींत लिहून ठेवलंय की पुरुषांच्या वॉर्डात काम करायला तयार असलेल्या बाईच्या हेतूबद्दलच रुग्णालयाच्या अधीक्षकांनी शंका काढली. ऑस्लरने मात्र दोघींना घेतलं. ह्या डोरोथी रीडला आपण सगळे ओळखतो, फक्त ती बाई होती हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. हॉजकिन्स आजाराच्या पानावर दिसणाऱ्या, घुबडाच्या डोळ्यांसारख्या त्या रीड-स्टर्नबर्ग पेशी तिच्याच. तिचा तो निबंध 1902 सालचा. मी स्वतः दुसऱ्या एम.बी.बी.एस.ला त्या पेशीचं चित्र किती वेळा काढलं असेल, पण ‘रीड’ म्हणजे कोणी दाढीवाला प्रोफेसर असणार असंच धरून चाललो होतो.

दुसरी गोष्ट लुई राइटची. अटलांटाच्या क्लार्क ह्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून तो हार्वर्डच्या वैद्यकीय प्रवेशासाठी बोस्टनला आला. समोरच्यांचा समज असा की हा मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठाचा मुलगा. काळा तरुण दारात उभा राहिल्यावर गोंधळ उडाला. त्याला रसायनशास्त्राचे प्राध्यापक ओटो फोलिन यांच्याकडे पाठवण्यात आलं. फोलिन म्हणजे जैवरसायनशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी त्याला तोंडी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, आणि रसायनशास्त्र पुरेसं येतं असा निर्वाळा मिळाला. प्रवेश झाला. 1915 साली राइट वर्गात चौथा आला. त्यानंतर? बोस्टनच्या रुग्णालयांनी त्याला इंटर्न म्हणून घेतलं नाही. त्याला वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स रुग्णालयात जावं लागलं. घटसर्पासाठीची शिक टेस्ट काळ्या त्वचेवर वाचता येत नाही, असा तेव्हा समज होता. राइटने इंटर्न असतानाच ती वाचता येते हे दाखवून दिलं आणि 1917 साली ते छापूनही आलं.

ह्या गोष्टीतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. फोलिनसमोर राइटला संधी होती, कारण तिथे प्रश्न रसायनशास्त्राचे होते. उत्तर बरोबर किंवा चूक. इंटर्नशिपच्या वेळी असा प्रश्नच कोणी विचारला नाही.

तिसरी कॅनडातली. 1934 साली सॅम्युअल राबिनोविच ह्या ज्यू तरुणाला माँट्रियलच्या नोत्र-दाम रुग्णालयाने इंटर्न म्हणून नेमलं. तो आपल्या वर्गात पहिला आलेला. पण ज्यू सहकारी नको म्हणून बाकीच्या इंटर्न्सनी जून महिन्यात संप केला आणि तो गावातल्या इतर रुग्णालयांत पसरला. पेशंटचे हाल होत आहेत हे बघून राबिनोविचने चार दिवसांत स्वतःच राजीनामा दिला. माझ्या मते, पेशंटला आधी ठेवणारा डॉक्टर त्या दिवशी तिथे तो एकटाच होता. नेमणूक झाली होती, गुण होते, वरिष्ठांची संमती होती. अडलं ते फक्त ‘आपल्यातला’ नसण्यापाशी.

आणि आपल्याकडे हे नव्हतं, असं समजायचं कारण नाही. यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यकीय विद्यार्थी असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादीचा कोट घालून जाऊ लागले. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकाला ते खपलं नाही. इतर विषयांत चांगले असूनही त्यांच्या हातात एम.बी.बी.एस.ऐवजी कमी दर्जाची एल.एम.एस. पदवी पडली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. (कोट काळा की निळा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही बरं!) 1923 साली ते बोस्टनला आले ते हीच पदवी घेऊन. तिथे डॉक्टर म्हणून नव्हे, तर रात्रपाळीला पेशंटची भांडी उचलण्याचं काम करून त्यांनी दिवस काढले. हत्तीरोगावरचं डाय-इथिल-कार्बामॅझिन पुढे त्यांच्याच चमूने दिलं. त्यांच्या देखरेखीखालच्या लेडर्ली प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन आलं, आणि ते माणसांवर सर्वात आधी वापरून बघितलं न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात, लुई राइटने. बोस्टनने दार लावून घेतलेल्या दोन माणसांची अशी गाठ पडली, एका औषधाच्या निमित्ताने.

असो. इथपर्यंतची गोष्ट रुग्णालयांच्या बाजूची झाली. आता विद्यार्थ्यांच्या बाजूची.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंटर्नच्या जागा वाढत गेल्या आणि विद्यार्थी कमी पडू लागले. मग रुग्णालयांची चढाओढ सुरू झाली. चांगला मुलगा दुसऱ्याने पळवायच्या आत आपण गाठायचा. नेमणुका अलीकडे सरकत सरकत 1940 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशी वेळ आली की पदवीला दोन वर्षं असतानाच मुलांना जागा देऊ केल्या जात. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कोणाला कळतं की आपल्याला सर्जरी जमणार आहे की नाही? शेवटी 1945 च्या सुमारास महाविद्यालयांनी ठरवलं की अमुक तारखेआधी कुणाची गुणपत्रिका आणि शिफारसपत्र द्यायचंच नाही.

त्याने एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं. आता सगळ्या तारा एकाच दिवशी सुटायच्या. विद्यार्थ्याच्या हातात तिसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाची तार, पहिल्या पसंतीच्या प्रतीक्षायादीत नाव, आणि उत्तर द्यायची मुदत संपत आलेली. ‘हो’ म्हणावं तर पहिली गेली, थांबावं तर दोन्ही जायची भीती. सुरुवातीला विचार करायला दहा दिवस मिळत. 1949 पर्यंत बारा तासांची मुदतसुद्धा रुग्णालयांना फार वाटू लागली! अशा बाजारात ‘छाप पाडणं’ म्हणजे काय असणार? तुम्हीच माझी पहिली पसंती, असं प्रत्येकाला सांगत सुटणं. दोन्ही बाजूंनी खोटं बोलायचं आणि दोन्ही बाजूंना ते माहीत.

ह्यातून ‘मॅच’ निघाली. मुलाखती झाल्यावर विद्यार्थ्याने आपली पसंतीची यादी द्यायची, रुग्णालयांनी आपली, आणि एका मध्यवर्ती ठिकाणी जोड्या लावायच्या. पण पहिल्या आराखड्यात एक खोट होती. त्यात पहिल्या पसंतीला पहिली पसंती आधी जुळवली जायची. म्हणजे तुम्ही मनापासून हवं असलेलं मोठं रुग्णालय पहिलं लिहिलंत आणि ते मिळालं नाही, की दुसऱ्या क्रमांकाच्या जागा तोवर इतरांनी पटकावलेल्या असायच्या. खरी इच्छा लिहिणाऱ्यालाच शिक्षा. हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं. 1951 साली हार्वर्डच्या हार्डी हेन्ड्रेन ह्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने देशभरातल्या विद्यार्थ्यांनी आवाज उठवला. शेवटी आयोजकांना आराखडा बदलावा लागला आणि 1952 साली पहिली मॅच झाली ती सुधारलेल्या पद्धतीने. जागा दहा हजारांच्या घरात, विद्यार्थी सहा हजारांच्या आसपास. हेन्ड्रेन पुढे लहान मुलांचा नामांकित सर्जन झाला. पण त्याने जे काम विद्यार्थी असताना केलं, त्याचा फायदा त्याने ऑपरेशन केलेल्या मुलांपेक्षा किती तरी जास्त लोकांना झाला असेल.

नव्या पद्धतीत युक्ती अशी आहे की मधल्या कुठल्याही टप्प्यावरची जोडी तात्पुरती असते. समजा तुमची पहिली पसंती ‘अ’ने नाकारली, तर तुम्ही ‘ब’कडे जाता. ‘ब’ने आधी कुणाला तात्पुरतं धरून ठेवलं असेल, पण तुम्ही त्याच्या यादीत वर असाल, तर तो त्याला सोडून तुम्हाला घेतो. म्हणजे ‘अ’ला पहिलं लिहिल्यामुळे ‘ब’कडची तुमची जागा हुकत नाही. 1962 साली गेल आणि शॅप्ली ह्या गणितज्ञांनी अशा जोड्यांचं गणित स्वतंत्रपणे मांडलं, 1984 साली ॲल्व्हिन रॉथने दाखवून दिलं की डॉक्टर मंडळी दहा वर्षं आधीपासून जवळजवळ तेच करत होती. पुढे रॉथच्याच मदतीने ही पद्धत सुधारली आणि 1998 पासून सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होऊ लागली. 2012 साली शॅप्ली आणि रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुलाखतीला जाणाऱ्याने ह्यातून घ्यायची गोष्ट एवढीच. यादी मनातल्या क्रमाने लिहायची, तिथे हुशारी करायची नाही. आणि मुलाखतीत कोणी आडून विचारलं की आम्ही कितवे, तर तो क्रम सांगायला तुम्ही बांधलेले नाही. मॅचच्या नियमांप्रमाणे असं विचारताच येत नाही. खरं बोलण्याची ही सोय कुणी दानात दिलेली नाही, सत्तर वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी ती भांडून मिळवलेली आहे.

मात्र ही सोय माझ्या वेळी आम्हा परदेशातून येणाऱ्यांना पुरती मिळत नव्हती. आमच्याशी रुग्णालयं मॅचच्या बाहेर थेट करार करू शकत. 1999 च्या डिसेंबरात मी बसने गावोगाव हिंडून मुलाखती देत होतो. एकच कोट, तोही मित्राच्या मापाचा. एका रुग्णालयात मुलाखत संपली आणि दुसऱ्याच दिवशी कराराचा कागद हातात आला. दोन दिवसांत सही, नाहीतर जागा दुसऱ्याला. पुढच्या दोन मुलाखती बाकी होत्या, दोन्ही ठिकाणं मला जास्त हवी होती. खिशात पैसे संपत आलेले, व्हिसाची धास्ती, घरी आईला काय सांगू ही चिंता. मी सही केली. तीन वर्षं तशी बरी गेली, शिकलोही पुष्कळ. पण 1949 च्या तारेवाल्या विद्यार्थ्यांबद्दल मी बऱ्याच वर्षांनी वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्या दोन दिवसांत माझ्यावर जे गुदरलं ते अमेरिकन मुलांपुरतं पन्नास वर्षांपूर्वीच थांबवलं गेलं होतं. 2013 च्या मॅचपासून नियम बदलला. मॅचमध्ये भाग घेणाऱ्या विभागाने आपल्या सगळ्या जागा मॅचमधूनच भरायच्या. भाचीला तो कागद कोणी पुढे करणार नाही, ह्याचं मला फार बरं वाटतं.

म्हणजे बाजार सुधारला. खोलीतली मुलाखत सुधारली का?

ह्या बाबतीत टेक्सासमधला एक योगायोग प्रसिद्ध आहे. ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाने 1979 साली नेहमीप्रमाणे मुलाखती घेऊन 150 विद्यार्थी निवडले. नंतर राज्याच्या विधिमंडळाने सांगितलं की आणखी 50 घ्या. तोवर वरच्या क्रमांकाची मुलं इतरत्र गेलेली, त्यामुळे आधी नाकारलेल्यांमधूनच पन्नास जण घ्यावे लागले. पुढे ह्या दोन गटांची तुलना झाली. महाविद्यालयातली कामगिरी, आणि पदवीनंतरचं प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष. दोन्ही गटांत फरक सापडला नाही! म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांना जी ‘छाप’ इतकी ठळक दिसली होती, ती पुढच्या डॉक्टरबद्दल फारसं काही सांगत नव्हती.

ह्यावर उपाय शोधणारे लोकही आहेत. 2000 नंतरच्या वर्षांत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने प्रवेशासाठी एका लांब मुलाखतीऐवजी लागोपाठ छोट्या छोट्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, ठरलेला एक प्रसंग, सगळ्यांना तोच. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर उमेदवाराचं भवितव्य लटकू नये, हा हेतू. रेसिडेन्सीच्या मुलाखतींतही आता अनेक ठिकाणी सगळ्यांना समान प्रश्न आणि त्यांना ठरलेले गुण, अशी पद्धत आहे. फोलिनने राइटला रसायनशास्त्र विचारलं, त्याच जातीची ही गोष्ट. प्रश्न कामाचा असला की परक्या माणसालाही उत्तर देता येतं.

आता जरा अवघड भाग. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ते ‘मुलाखत घेणारे’ म्हणजे मीच.

काही वर्षांपूर्वी भारतातून शिकून आलेली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, तुम्हाला अभिमान वाटावा असं एखादं काम सांगा. ती म्हणाली, “आमच्या युनिटने डेंग्यूच्या साथीत एक वेगळा वॉर्ड उभा केला.” आमच्या युनिटने अमुक केलं, आम्ही तमुक केलं, सरांनी सांगितलं तसं केलं. ‘मी’ हा शब्द एकदाही नाही. नजर बहुतेक वेळ टेबलावर. माझ्या कागदावर मी लिहिलं: आत्मविश्वास कमी, पुढाकार दिसत नाही. गुण मध्यम. ती आमच्याकडे आली नाही.

त्या रात्री जेवताना बायकोला सांगत होतो, की आपल्या मुलांना स्वतःबद्दल बोलताच येत नाही. ती म्हणाली, “तुला तरी कुठे येत होतं?” आणि मला माझी पहिली मुलाखत आठवली. मीही ‘आम्ही, आम्ही’ करत होतो. ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे फुशारकी, हे घरात आणि वॉर्डात अंगात मुरलेलं. समोरचे म्हातारे डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी एक दुसरा प्रश्न विचारला: “त्यात तुमच्या वाट्याला काय आलं होतं?” मग मी रात्रपाळीतल्या सलाइनचा हिशेब, रक्त मिळवण्यासाठीची धावपळ, सगळं भडाभडा सांगितलं. त्या एका प्रश्नाने माझी मुलाखत वाचवली.

तो दुसरा प्रश्न मी त्या मुलीला विचारला नव्हता. खाली बघून बोलणं म्हणजे वडीलधाऱ्यांपुढची अदब, हे त्या खोलीत फक्त मला कळू शकत होतं, आणि नेमकं मीच ते ‘कमी आत्मविश्वास’ म्हणून लिहून टाकलं. मी ‘आपल्यातला’ झालो होतो, पण आता त्यांच्यातला. दुसऱ्या दिवशी जाऊन गुण बदलता आले असते का? कदाचित. मी गेलो नाही, कामाच्या गडबडीत राहून गेलं. आता प्रत्येक मुलाखतीआधी मी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ‘2’ हा आकडा लिहितो, दुसरा प्रश्न विचारायची आठवण म्हणून. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर आनंदीबाई जोशी आठवल्या. 1883 सालच्या फेब्रुवारीत, अमेरिकेला जाण्याआधी, त्यांनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) महाविद्यालयात जाहीर भाषण केलं होतं. लोक त्यांना रस्त्यात, दारात जे प्रश्न विचारत तेच त्यांनी एकेक करून समोर घेतले. अमेरिकेला का जाता? इथे शिकता येत नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? सतरा वर्षांच्या त्या मुलीने प्रत्येकाला सरळ उत्तर दिलं. इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे, हे कारण तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाला तिने जे पत्र लिहिलं त्यातही हेच. आपलं शिक्षण अटींत बसत नसेल हे कबूल, पण इथवर येण्यासाठी काय ओलांडलं ते बघा. 1886 साली ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक स्वीकारून परत आली, पण 1887 च्या फेब्रुवारीत गेलीच.

रेसिडेन्सीची मुलाखत घेणारे आजही पहिल्यांदा तेच विचारतात: का? आनंदीबाईंनी त्यांच्यासारखं दिसायचा किंवा बोलायचा प्रयत्न केला नव्हता. ज्या कामासाठी आल्या होत्या ते काम समोर ठेवलं होतं.

तर भाचीला मी शेवटी जे पत्र पाठवलं ते असं:

“त्यांना तू आवडावीस म्हणून काही करू नकोस, ते तुझ्या हातात नाही. तू त्यांच्या कामाची आहेस हे कळेल असं बोल. तुझ्या अर्जात जे जे लिहिलंयस, त्यातल्या प्रत्येक ओळीबद्दल पाच मिनिटं बोलता यायला हवं. दोन-तीन पेशंट नीट आठवून ठेव. त्यातला एक असा असू दे, जिथे तुझं चुकलं आणि त्यातून तू काय बदललंस. ‘आम्ही’ म्हण, ते खरंच आहे, पण लगेच पुढे ‘त्यात माझं काम हे होतं’ असं सांग. तो दुसरा प्रश्न समोरचा विचारेलच याची खात्री नाही, म्हणून न विचारता उत्तर दे. लग्न, मुलं, धर्म यांबद्दल कोणी विचारलं तर नम्रपणे कामाकडे वळव. रेसिडेंट मुलांशी वेगळं बोलायला मिळेल तेव्हा रात्रीच्या ड्युटीला वरिष्ठ फोन उचलतात का, हे जरूर विचार. तूही त्यांची मुलाखत घेतेयस. वेळेचा फरक दोनदा तपास. नाव बदलू नकोस. ते कसं उच्चारायचं हे हसून एकदा सांग, ते शिकतील.

आणि उद्या कधी तू टेबलाच्या ह्या बाजूला बसलीस, तर खाली बघून बोलणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचार.”

तिचं उत्तर लगेच आलं. “मामा, एवढं मोठं पत्र! पण कोट कुठला ते तू सांगितलंच नाहीस.”

निळा घे म्हटलं.